आंजेलिकचा कागद

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी न्यायाधीश ऑड्री हॅडलो यांनी पेटीवरचं लाखेचं सील फोडलं. आतलं पारदर्शक पाकीट बाहेर काढलं, त्यातला पिवळा पडलेला कागद दोन बोटांनी उलगडला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

अमिक तलावाच्या सभागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून, खिडकीच्या कट्ट्यावर चढून, दारात एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून माणसं बघत होती.

"हा कागद कोरा आहे," हॅडलो म्हणाल्या.

त्यांनी तो उलटा केला. मागूनही कोराच.

तिसऱ्या रांगेत बसलेली जोसेट मकोन्स नीट बघायला उठून उभी राहिली. त्या पाकिटात पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं एका मिशनरी पाद्र्याचं पत्र असायला हवं होतं, आणि जोसेटचं नाव मतदारयादीत होतं ते त्या पत्राच्या जोरावर. एकट्या तिचंच नव्हे. आंजेलिक नावाच्या एका विधवेपासून वंश सांगणाऱ्या नऊशे बारा माणसांचं.

हा तलाव, ही नदी, दोन्ही काठांची अरण्यं इथल्या मूळ रहिवाशांनी, अल्गॉनक्विनांनी, कधी कुणाला लिहून दिली नाहीत. तरी ती गेली. अर्ज करता करता सात पिढ्या संपल्या, आणि आता कुठे सरकार वाटाघाटींच्या मेजाशी बसलं होतं. कराराचा मसुदा तयार होता, त्यावर मतदान व्हायचं होतं. पण मत कुणी द्यायचं? अल्गॉनक्विन कोण आणि आगंतुक कोण? ते ठरवायला हे तीनजणांचं निवाडा मंडळ बसलं होतं, आणि आज पाळी आंजेलिकची होती. ती इथली ठरली, तर तिची नऊशे बारा लेकरं यादीत राहणार, वाटाघाटींच्या सात खुर्च्यांपैकी दोन त्यांच्याकडे राहणार. नाहीतर सगळी बाहेर.

"विचारा त्याला!" लॉयड देशान उसळून उभा राहिला. त्या दोन खुर्च्यांपैकी एक त्याची. त्याचं बोट समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याकडे होतं. "अँब्रोजला विचारा! आम्ही गेलो की करार बुडतो. त्याला तेच तर हवंय!"

अँब्रोज पिनास चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. साऱ्या तलावाचा तो मिशोमिस, आजोबा. त्याने मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "मला करार नको, हे मी तोंडावर सांगतो. चोरून सांगायची सवय मेजाशी बसणाऱ्यांना."

हशा आणि शिव्या एकदमच उठल्या. हॅडलोबाईंनी मेजावर थाप मारली.

"काल संध्याकाळी सहा वाजता मी स्वतः हे पाकीट पेटीत ठेवून सील केलं. बाहेरून दिसत होता तो असाच जुना कागद. म्हणजे बदलाबदल त्याच्या आधी झाली. सभागृहाचा राखणदार कुठे आहे?"

"रेमी? तो डोंगरावर गेलाय," मागून कुणी बाई म्हणाली. "जाळी काढायला."

"डोंगरावर मासे?" टोरांटोहून आलेले इतिहासकार डॉ. वॉरन स्टाइल्स पुटपुटले, आणि त्या ताणातही चारदोन माणसं फिस्सकन हसली. कुणी त्यांना समजावून सांगितलं नाही.

पोलीस चौकी साठ किलोमीटरवर होती, आणि पोलिसांना या भांडणात आणायचं दोन्ही बाजूंच्या जिवावर आलं होतं. तेव्हा अँब्रोजच म्हणाला, "जोसेटला शोधू द्या."

"ती तर त्यांच्यातलीच," कुणीतरी ओरडलं.

"सव्वीस वर्षं वनरक्षक होती. बंदीच्या महिन्यात मूस हरीण मारलं म्हणून सख्ख्या मेव्हण्याला, रेमीला, तिने पकडून दिलंय. अजून काय पाहिजे?"

लॉयडने क्षणभर विचार केला. आपलीच बाई, मग हरकत काय? त्याने मान डोलावली.

हॅडलोबाईंनी चष्म्यावरून जोसेटकडे बघितलं. "सोमवारी सकाळी दहा वाजता मी पुन्हा बसेन. तोवर सांगू शकाल?"

"सांगेन," जोसेट म्हणाली.

२

सुरुवात अर्थातच नोंदणी कार्यालयापासून झाली. सभागृहाला लागूनच ती खोली. तिची मालकीण पर्ल अमाब्ल. नोंदी तिच्या, टपाल तिचं, सुनावणीचं टिपण लिहिणंही तिचंच. रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"माझ्या नाकाखालून गेलं गं, जोसेट," ती म्हणाली. "कपाटाची किल्ली त्या खिळ्याला असते. सगळ्या गावाला माहीत आहे. कधी कुणी हात लावला नाही."

"काल दुपारी कोण कोण आलं होतं?"

"चारपासून सहापर्यंत नुसती जत्रा. लॉयडला पत्राच्या नकला हव्या होत्या. अँब्रोज सुनावणीची वेळ विचारायला आला, चहा पिऊन गेला. स्टाइल्स हॅडलोबाईंसाठी चिठ्ठी देऊन गेले. मी दोनदा झेरॉक्सच्या खोलीत गेले, तेव्हा इथे कोण होतं नि कोण नव्हतं, देवाला ठाऊक."

जोसेटने कपाट उघडून पाहिलं. कुलूप धड. ज्या फाइलमधून मूळ पत्र गेलं, त्याच फाइलमध्ये त्याच्या तीन नकला जागच्या जागी होत्या, एकाखाली एक, टाचणी लावलेल्या. तिने त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एक नेऊ?"

"ने की. सही कर फक्त."

लॉयड बाहेर गाडीपाशीच भेटला. अंगात महागडा कोट, पायांत शहरी बूट. तलावाच्या कडेला पहिला बर्फ धरला होता आणि तो जागच्या जागी पाय आपटत होता.

"खरं सांगू का, जोसेट? फार खोल जाऊ नकोस."

"म्हणजे?"

"नियम वाचलाय मी. मूळ कागद चोरीला गेला, तर प्रमाणित नक्कल ग्राह्य. नक्कल खोटी आहे असं कुणी सिद्ध करेपर्यंत तीच खरी. म्हणजे चोराने आपलं काहीच वाकडं केलेलं नाही. तू सोमवारी म्हण, चोर सापडला नाही. आपण सगळे यादीत. तू, मी, तुझी बहीण, तिची पोरं."

"मग सकाळी अँब्रोजकाकांवर धावून कशाला गेलास?"

"तेव्हा डोकं फिरलं होतं." तो हसला. "नियम नंतर आठवला."

गावाबाहेरच्या खानावळीत डॉ. स्टाइल्स व्हाइटफिशचं ताट पुढ्यात ठेवून बसले होते, पण खात नव्हते. ते पत्र त्यांच्या आयुष्याचा शोध होता. बंद पडलेल्या मिशन चर्चचं सामान कार्यालयात आलं, त्यातल्या एका खोक्यात अकरा वर्षांपूर्वी ते त्यांना सापडलं होतं.

"माझं नाव बुडालं, बाई," ते म्हणाले. "आणि मी तर काल चिठ्ठी देऊन कागदाची तपासणी मागितली होती! शाई, धागे, सगळं. टीकाकारांची तोंडं कायमची बंद करायची होती मला. सोमवारी दुपारी अभिलेखागाराचा तज्ज्ञ येतोय."

जोसेटचा हात कपावरच थांबला. "हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"हॅडलोबाईंना. चिठ्ठी त्यांच्यासाठी होती."

"लॉयडला?"

"त्याला कशाला सांगू? वकिलांना घेऊन आरडाओरडा केला असता त्याने."

जोसेट बाहेर आली. चोराने मूळ कागद नेला आणि नकला तशाच सोडल्या. पत्रात लिहिलेलं नाहीसं करायचं असतं, तर नकला आधी गेल्या असत्या. याला शब्दांची भीती नव्हती. कागदाची होती.

आणि कागदाची भीती कुणाला वाटते? तिने तो विचार पुढे जाऊ दिला नाही. गाडीत बसून तिने खिशातली नक्कल काढली, आणि फ्रेंच पत्राखालचं इंग्रजी भाषांतर जन्मात पहिल्यांदा वाचलं.

३

पत्र मोठं नव्हतं. पाद्र्याने आपल्या बिशपला लिहिलं होतं:

'पाइन बेटावर आपल्या मुलांसह राहणारी आंजेलिक ही विधवा याच तलावाच्या लोकांतली आहे. तिचा बाप आणि आजा इथेच जन्मले. तिच्या कुटुंबाची शिकारीची जागा कुणी हिरावू नये, एवढं तिचं मागणं आहे. अमिक तलाव, जून १८४६.'

शनिवारी सकाळी ती अँब्रोजकडे गेली तेव्हा हीच वाक्यं तिच्या डोक्यात फिरत होती. म्हातारा अंगणात लाकडं रचत होता. त्याने तिला आत नेलं, बॅनक भाकरीचा तुकडा तोडून हातात दिला, चहा ओतला.

"चोर मी नाही, हे तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मग आलीस कशाला?"

"तुम्ही ते पत्र कधी वाचलंत का, मिशोमिस?"

"मला फ्रेंच कुठलं? आणि तो सहाशे पानांचा अहवाल इंग्रजीत. एक प्रत मेजाशी बसणाऱ्यांना, एक सरकारला, एक वकिलाला." त्याने फुंकर मारून चहा प्यायला. "अकरा वर्षं तो कागद आमच्या नावाने बोलतोय. काय बोलतोय, ते आम्हाला वाचून कुणी दाखवलं नाही."

"मी दाखवते."

तिने आपल्या भाषेत, अडखळत, शब्द शोधत त्याला ते पत्र सांगितलं. ही भाषा तिला अर्धीच येत होती. पाद्री, बिशप, विधवा इथवर ठीक चाललं. पाइन बेटाला काय म्हणावं म्हणून ती क्षणभर थांबली आणि सवयीनेच म्हणून गेली, "डोंगरावर राहणारी."

म्हाताऱ्याने मान डोलावली. "बरोबर. डोंगरावरच राहायची."

"पण कागदात डोंगर नाही. कागदात बेट म्हटलंय."

"कुठलं बेट?"

"तेच ते. पाइन बेट. आपला डोंगर."

अँब्रोजने कप खाली ठेवला. खिडकीतून तलावाच्या मधोमध पाइनच्या झाडांनी भरलेला उंचवटा दिसत होता. रेमीची होडी त्याच्या पायथ्याशी ठिपक्याएवढी.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "धरण कधी बांधलं?"

"एकोणीसशे एकतीस."

"माझा बाप त्या डोंगरावर घोड्यावर बसून जायचा. खाली दरी होती, दरीत आमची मेपलची राई, वसंतात तिच्या रसाची साखर व्हायची. धरणाने तलाव फुगून दरीत शिरला, राई बुडाली, डोंगराचं डोकं तेवढं वर राहिलं. म्हणून आपण होडीत बसूनही डोंगरावर जातो म्हणतो. तो पाद्री अठराशे सेहेचाळीसमध्ये बेट बघत होता?"

जोसेटच्या हातातला बॅनकचा तुकडा खाली पडला. साठ वर्षं ती होडीतून डोंगरावर जात आली होती, आणि वाचताना एकदाही तिला हे सुचलं नव्हतं.

पत्र खोटं होतं. आणि तिचं नाव त्या खोट्यावर उभं होतं.

४

घरी बहीण ओडिल, रेमीची बायको, वाट बघत बसली होती. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! जोसेट अँब्रोजच्या घरातून पांढरीफटक होऊन निघाली, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

"काय ते मला सांगू नकोस," ओडिल म्हणाली. "ऐकलं तर मलाही खोटं बोलावं लागेल. फक्त एवढं सांग, माझ्या नातवंडांना यादीतून काढणार आहेस का तू?"

"मी काही काढत नाही, ओडिल."

"रेमीला पकडलंस तेव्हाही असंच म्हणाली होतीस. मी नाही पकडलं, कायद्याने पकडलं." तिने कोट अंगावर चढवला. "आई मरताना काय म्हणाली? निदान आपलं नाव तरी कागदावर लागलं. तेवढं समाधान घेऊन गेली ती. ते तू परत घेणार?"

ओडिल दार आपटून गेली.

दुपारी पर्ल कार्यालयात नव्हती. हॅडलोबाईंनी दिलेल्या किल्लीने जोसेटने दार उघडलं. तिला एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. पाकिटात ठेवलेला तो कोरा कागद साधा नव्हता. जाडसर होता, चिंध्यांपासून केलेला, कडा तपकिरी झालेल्या. तसा कागद आज दुकानात मिळत नाही. चोराला तो दोन तासांत कुठून मिळाला?

मिशन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वरच्या फळीवर ओळीने होत्या. पाच वह्या. तिने एकेक खाली घेतली, शेवटची पानं उलटली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या वहीच्या शेवटी कोरी पानं होती. त्या काळचा पाद्री वही भरायच्या आधीच मेला असावा. हॅडलोबाईंकडून मागून आणलेला कोरा कागद तिने त्या पानांवर ठेवला. तोच रंग, तोच आकार, उजेडात धरल्यावर त्याच आडव्या रेघा.

तिने वही खिडकीपाशी नेली आणि शिवणीत बोट घातलं.

दोन पानं कापलेली होती. बुडखे तेवढे शिल्लक होते, दोन बोटांच्या अंतराने. एकाची धार स्वच्छ, फिकट, कालच कापल्यासारखी. दुसऱ्याची धार मळून काळवंडलेली, धूळ बसून बसून मऊ झालेली. ते पान कापून वर्षं लोटली होती.

ज्या वहीतून खोटं पत्र जन्माला आलं, त्याच वहीतून त्याची जागा घेणारा कागद आला होता. ज्याला पहिलं पान ठाऊक होतं, त्यानेच दुसरं कापलं.

जोसेट वही छातीशी धरून कितीतरी वेळ त्या खुर्चीत बसून राहिली. पर्लच्या खुर्चीत.

५

रविवारी चर्च सुटल्यावर ती पर्लकडे गेली. महामार्गालगतच्या नव्या घरांत पर्लचं घर, पण खिडकीतून तलाव पुरा दिसत होता. पर्लने लगबगीने किटली ठेवली, ब्लूबेरीचा केक कापला.

या बाईला जोसेट चौदा वर्षं ओळखत होती. इथली मुलं उचलून गोऱ्या घरांत वाढवायची तेव्हा सरकारी रीतच होती; चार वर्षांची असताना सरकारी गाडी येऊन पर्लला घेऊन गेली होती. माँट्रियलच्या एका फ्रेंच घरात ती वाढली, नन्सच्या शाळेत शिकली आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर आईला शोधत परत आली. तोवर आई मेली होती. परत आलेल्या लेकीला कार्यालयाने विचारलं होतं, कागद कुठाय? तीन वर्षं ती कागद आणत होती आणि ते कमी पडत होते; शेवटी जुने फ्रेंच कागद वाचता येतात म्हणून त्याच कार्यालयाने तिला कामावर घेतलं. त्या दिवसांत पर्लला घरी जेवायला बोलावणारी एकच बाई होती, जोसेटची आई.

"काही लागलं हाताला?" पर्लने विचारलं.

"लागलं थोडं." जोसेटने खिडकीकडे बघितलं. हा प्रश्न विचारू नये असं तिला मनापासून वाटत होतं. "पर्ल, ते समोर दिसतं ना, पाण्यात. त्याला तू काय म्हणतेस?"

"ते? पाइन बेट." पर्ल हसली. "तुम्ही लोक डोंगर म्हणता ते. मला कधी कळलंच नाही का म्हणता. उंच दिसतं म्हणून?"

तुम्ही लोक. चौदा वर्षं इथे राहून, इथल्या प्रत्येक घराची वंशावळ तोंडपाठ असून, तुम्ही लोक.

"उंच दिसतं म्हणून नाही," जोसेट म्हणाली. "एकोणीसशे एकतीसपर्यंत तो डोंगरच होता. धरणाआधी तिथे पाणी नव्हतं."

किटली पर्लच्या हातात तिरकी झालेली होती. चहा कपात भरला, बशीत सांडला, बशीतून मेजावर वाहू लागला. पर्ल बघत होती आणि तिला दिसत नव्हतं.

जोसेटने तिच्या हातातून किटली काढून घेतली. मेज पुसलं. दोघींनी चहा प्यायला. निघताना दारात पर्ल म्हणाली, "उद्या दहाला, ना?"

"दहाला."

"टिपण लिहायला मलाच बसायचंय."

जोसेट गाडीपर्यंत गेली आणि मागे वळून पाहिलं. पर्लच्या धुराड्यातून आता दाट, पांढरा धूर निघत होता.

६

सोमवारी सभागृहात शुक्रवारपेक्षा जास्त माणसं होती, पण आवाज नव्हता. पर्ल आपल्या मेजाशी बसली होती, वही उघडून, लेखणी हातात धरून. तिने वर बघितलं नाही.

"जोसेट मकोन्स," हॅडलो म्हणाल्या, "सुरुवातीलाच एक विचारते. या निकालात तुमचा स्वतःचा हितसंबंध आहे. तरी बोलणार?"

"आहे म्हणूनच बोलते. लिहून घ्या."

पर्लच्या लेखणीचा आवाज आला.

जोसेटने घाई केली नाही. चोराने नकला सोडल्या आणि मूळ कागद नेला, इथून तिने सुरुवात केली. त्याला कागदाच्या तपासणीची भीती होती. मग डोंगराची गोष्ट आली, आणि सभागृहातून एक उसासा गेला. म्हाताऱ्यांना पहिल्याच वाक्यात कळलं, तरण्यांना त्यांनी कानात सांगितलं. डॉ. स्टाइल्सनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"गप्प बस!" लॉयड ओरडला. "कुणाचा गळा कापतेयस कळतंय का तुला? तुझा स्वतःचा!"

"कळतंय. बस खाली, लॉयड." ती पुढे बोलत राहिली. "चौथ्या वहीतली दोन पानं कापलेली आहेत. एक अकरा वर्षांपूर्वी, एक गुरुवारी. दोन्ही एकाच माणसाने. या माणसाला जुन्या वह्या हाताशी होत्या. चर्चचं खोकं डॉक्टरांच्या हाती जाण्याआधी त्याच्या हाती होतं. त्याला सुंदर जुनं फ्रेंच लिहिता येतं. त्याने हा तलाव नकाशावर पाहिला, होडीतून नाही, कारण ज्या वयात होडीत बसायचं त्या वयात त्याला इथून नेलं होतं. आणि गुरुवारी चार वाजता, हॅडलोबाईंच्या आधी, तपासणीची चिठ्ठी त्याने वाचली. डॉक्टरांनाही ती माहीत होती, पण तपासणी त्यांनीच मागितलेली. मग टपाल उघडणारं उरतं कोण?"

लेखणी एकसारखी चालत होती. मग ती थांबली.

"नाव मी लिहू का, जोसेट?" पर्लने विचारलं.

सगळ्या माना वळल्या. पर्ल उभी राहिली. उंच, सडसडीत, पांढऱ्या वेणीची.

"जाळलं मी काल. हिच्या समोर चहा प्याले आणि हिची पाठ वळल्यावर जाळलं." तिचा आवाज स्वच्छ होता. "मी परत आले तेव्हा तीन वर्षं मला सांगत होते, तू इथली असशील, पण कागद नाही. जोसेटची आई मला जेवायला घालायची आणि म्हणायची, आमचंही तसंच आहे बघ. आंजेलिक आमची, सगळ्यांना ठाऊक, पण कागद नाही. तेव्हा मी म्हटलं, कागदच हवाय ना तुम्हाला? घ्या कागद. मी खोटं काही लिहिलं नाही. खरंच होतं ते. फक्त ते पाद्र्याने लिहायचं राहून गेलं होतं."

"पर्लबाई, खाली बसा," हॅडलो मृदूपणे म्हणाल्या.

"मी काय चुकले ते काल कळलं मला," पर्ल म्हणाली. "मी डोंगराचं बेट केलं." मग ती बसली, आणि सवयीने आपलंच वाक्य लिहू लागली.

हॅडलोबाईंनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली. "पत्र आणि त्याच्या नकला पुराव्यातून वगळत आहोत. आंजेलिकविषयी दुसरा काही पुरावा?"

मग समोरच्या बाकावरून काठीचा आवाज झाला. अँब्रोज पिनास उठत होता.

"माझी आजी," तो आपल्या भाषेत म्हणाला, आणि दुभाष्यासाठी थांबला. "माझ्या आजीची राई आणि आंजेलिकच्या लेकीची राई, मध्ये एक ओढा. डोंगराच्या दक्षिणेला. वसंतात दोघी एकाच कढईत साखर कढवायच्या. आंजेलिकच्या बापाचं नाव आजीला ठाऊक होतं, मलाही आहे. कुठल्या दगडापासून कुठल्या ओढ्यापर्यंत त्यांची शिकार, तेही. आता ते सगळं पाण्याखाली आहे. पण मी दाखवू शकतो."

"काका!" लॉयड पुन्हा उठला. "तुम्ही तर... तुम्हाला आम्ही नको होतो ना?"

"मला करार नको आहे. माणसं नकोत असं मी कधी म्हटलं?"

"मग इतकी वर्षं हे बोलला का नाहीत?" हॅडलोंनी विचारलं.

दुभाष्याने प्रश्न सांगितला. म्हाताऱ्याने न्यायाधीशबाईंकडे, मग लॉयडकडे, मग वाटाघाटींच्या मेजाशी बसणाऱ्या बाकीच्यांकडे पाहिलं.

"मला कुणी विचारलंच नाही."

मंडळ अर्धा तास आत बसलं. बाहेर आल्यावर हॅडलोंनी निर्णय वाचला. वृद्धांच्या तोंडी साक्षी घेतल्या जातील, त्यांच्या भाषेत, तलावावर, बर्फ वितळल्यावर. तोवर मतदान पुढे. साक्षी पुऱ्या पडतील की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. तोवर आंजेलिकच्या वंशजांची नावं यादीतून स्थगित. नियमाप्रमाणे स्थगित होणारं प्रत्येक नाव सभेपुढे मोठ्याने वाचलं पाहिजे.

वाचायचं काम टिपण लिहिणारीचं. पण हॅडलोबाईंनी पर्लसमोरची वही केव्हाच आपल्याकडे घेतली होती. चौतीस पानांची यादी मेजावर पडून राहिली. कुणी पुढे होईना. स्वतःच्या शेजाऱ्याला, भाच्याला, व्याह्याला बाहेर काढणारा आवाज कोण होणार?

जोसेट उठली आणि तिने यादी उचलली.

पहिल्या पानावर तिला ओळखीचं नसलेलं एकही नाव नव्हतं. ती वाचू लागली. ज्याचं नाव येई तो उभा राहू लागला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. लॉयड देशान उभा राहिला. खांद्यावर आपल्या पोरीला घेऊन रेमीची थोरली लेक उभी राहिली. पंधराव्या पानावर ओडिलचं नाव होतं. जोसेटने तेही त्याच आवाजात घेतलं, आणि ओडिल उठली. तिने बहिणीकडे बघितलं नाही, पण ती बाहेरही गेली नाही.

तास उलटून गेला. ज्यांची नावं यादीत नव्हतीच, त्या बाकांवरही आता हळूहळू माणसं उठू लागली होती. अँब्रोज काठीवर भार देऊन केव्हाचाच उभा होता. पर्लही.

सव्विसाव्या पानाच्या मध्यावर जोसेट थांबली, पाण्याचा घोट घेतला.

"मकोन्स, जोसेट," तिने वाचलं, आणि उभी होती तशीच पुढचं नाव घेतलं.